वहीत नाव असू द्या

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता. आदल्या रात्री आठ वाजता टीव्हीवर करोनामुळे देशभर टाळेबंदीची घोषणा झाली. पाडव्याच्या सकाळी आमच्या चौकातली फूलवाली आली नाही. पाडव्यासाठी तिने झेंडू उचलून ठेवला होता, की मार्केटच बंद झालं होतं, मला कळायला मार्ग नव्हता. फोन करावा म्हटलं, तर तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. नंबर सोडा, नावही ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं मी तिच्याकडून फुलं घेत होते आणि तिला नुसतं ‘मावशी’ म्हणत होते.

मी एका पतसंस्थेच्या काउंटरवर अठ्ठावीस वर्षं काढली. वहीत नाव असलेल्या माणसाला वेगळी वागणूक मिळते, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. करोनाच्या दोन वर्षांत तेच सगळ्या राज्याने पाहिलं. ज्याचं नाव कुठल्या तरी वहीत होतं, त्याच्यापर्यंत काही ना काही पोचलं. ज्याचं नव्हतं, तो चालत निघाला.

आता सगळं सुरळीत आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. पुढच्या वेळी करोनाच येईल असं नाही. पूर येईल, कारखाना बंद पडेल, नाहीतर घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळेल. रोजगार थांबला की घरात जे होतं ते सगळीकडे एकच असतं. तेव्हा काही कामं आत्ताच करून ठेवा.

त्याआधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ‘सगळ्यांनाच फटका बसला’ असं आपण सहज बोलून जातो. पण ज्याचा पगार बँकेत जमा होत होता, त्याला घरी बसून कंटाळा आला. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची चूल दुसऱ्याच दिवशी थंड झाली. शाळेची मुलं नेणाऱ्या व्हॅनवाल्याचं तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. लहान मुलांच्या शाळा दीड वर्षाहून जास्त काळ बंद होत्या. व्हॅन दारात उभी आणि तिचा हप्ता चालू. मुंबईत लोकल थांबली आणि डबेवाल्यांचं कामच थांबलं. ऑफिसात माणूस नाही, तर डबा कुणाला पोचवणार? नारायणगावच्या राहुट्यांमध्ये तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात. २०२० च्या जत्रा गेल्या, २०२१ च्याही गेल्या. फडमालकाने कलावंतांना दिलेली उचल तशीच अंगावर राहिली.

८ मे २०२० ला करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यातून भुसावळकडे चालत निघाले होते, तिथून गावाकडची गाडी मिळेल या आशेवर. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. त्यावर मी जास्त काही लिहीत नाही.

आता कामाचं बोलू.

एक दोनशे पानी वही आणा. मोबाइलमध्येही लिहिता येतं, पण मोबाइल पाण्यात पडतो आणि वहीला चार्जर लागत नाही. पहिल्या पानावर घरी येणाऱ्या माणसांची नावं लिहा. भांड्यांची बाई, पेपरवाला, इस्त्रीवाला, मुलांचे रिक्षाकाका, भाजीवाली. पूर्ण नाव, फोन, राहतो कुठे, गाव कुठलं आणि घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर. दुसरा नंबर हवाच. हातावर पोट असलेल्या माणसाने अडचणीत पहिली काटछाट रिचार्जची केली, हे आपण पाहिलं आहे.

घरी कामाला येणाऱ्या बाईशी आजच बोलून ठेवा. महिन्याला किती सुट्ट्या, दिवाळीला काय द्यायचं आणि आपल्यामुळे काम बंद राहिलं तर पगाराचं काय. हे सगळं त्या वहीत लिहा आणि तिच्याकडेही एक कागद द्या. टाळेबंदीत सोसायटीच्या फाटकावर बायकांना अडवलं गेलं. येणं त्यांनी थांबवलं नव्हतं, आपण थांबवलं होतं. तरी कित्येक घरांनी ‘काम नाही तर पगार नाही’ म्हटलं.

मी दोन महिने पूर्ण पगार दिला आणि तिसऱ्या महिन्यापासून अर्धा केला. अर्धा का, याचं नीट उत्तर माझ्याकडे अजून नाही. माझ्या ठेवीचं व्याज तर एकही महिना थांबलं नव्हतं. तुम्ही आकडा आधीच ठरवून ठेवा. घाबरलेला माणूस हिशेब करायला बसला की तो आपल्याच बाजूने करतो.

आता सरकारच्या वहीकडे येऊ.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध लागले. तेव्हा सरकारने पंधराशे रुपयांची मदत जाहीर केली. कुणाला? नोंदणी असलेल्या बांधकाम मजुरांना, नोंदणी असलेल्या घरकामगार बायकांना, अधिकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना. पंधराशे रुपयांत महिना निघत नाही, हे खरं. पण त्या यादीतला ‘नोंदणी’ हा शब्द बघा. दुसऱ्याची रिक्षा रोजाने चालवणाऱ्याचं नाव परवान्यावर नसतं. वीस वर्षं भांडी घासणाऱ्या बाईची घरकामगार मंडळात नोंद नसेल, तर कागदावर ती काम करतच नव्हती.

म्हणून तुम्ही रोजंदारीवर असाल, किंवा तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर एवढं कराच.

ई-श्रम या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंद करा. ही सोय ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले, रिक्षावाले, ज्यांना पीएफ नाही असे सोळा ते एकोणसाठ वयाचे सगळे यात येतात. आधार आणि बँक खातं लागतं. बारा आकडी नंबरचं कार्ड मिळतं. स्वतः नोंद केली तर ती फुकट आहे. कुणी पाचशे मागत असेल तर तिथून उठा.

बांधकामावर असाल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी वेगळी करावी लागते. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. इथेच गाडी अडते, कारण ठेकेदार दाखला द्यायला टाळतो. काम चालू असतानाच तो मागून घ्या. काम संपलं की ठेकेदार फोन उचलत नाही. नोंदणीचं नूतनीकरणही विसरू नका. जुनं कार्ड पेटीत जपून ठेवलंय आणि मुदत कधीच संपली आहे, असं फार घरांत असतं.

रस्त्यावर विक्री करत असाल तर पालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र मिळवा. जून २०२० पासून केंद्राच्या स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, सुरुवातीला दहा हजार रुपये. रोज सकाळी शंभरचे एकशे दहा करून देण्याच्या बोलीवर पैसे उचलणाऱ्याला दहा हजार म्हणजे काय, ते त्यालाच माहीत.

आणि रेशन कार्ड. गाव सोडून आलेल्या माणसाचं कार्ड गावाकडे असतं आणि भूक इथे लागते. भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांची टाळेबंदीत हीच अडचण झाली. आता एकाच कार्डावर देशात कुठेही धान्य मिळतं. मात्र आधार जोडलेलं हवं आणि अंगठा लागायला हवा. एकदा जवळच्या रेशन दुकानात जाऊन धान्य उचलून बघा. चालतं की नाही, हे अडचणीच्या दिवशी शोधत बसू नका.

घरातली बँकेची पासबुकंही एकदा चाळा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो दोन लाखांचा जीवन विमा आहे. करोनाच्या काळात तो ३३० रुपयांना होता. माणूस गेला आणि विमा होता हे घरच्यांना माहीतच नाही, असं झालेलं मी पाहिलं आहे. कापलेल्या रकमेसमोर पेन्सिलीने लिहून ठेवा, ‘हा विमा’. घरातल्या दोघांना तरी दाखवा.

आता गाठीच्या पैशांचं.

तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असं सगळे सांगतात. हातावर पोट असलेल्याला हे सांगणं सोपं आहे, करणं नाही. मी म्हणेन, आधी एका महिन्याचं धान्य आणि भाडं. तेवढं जमलं की पुढचं. बचत गट असेल तर त्यातच टाका, निदान घरातला कुणी सहज काढणार नाही.

मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. लोकांना वाटलं, सहा हप्ते माफ झाले. माफ काहीच झालं नव्हतं. पाच लाख रुपये कर्ज बाकी असेल आणि व्याज बारा टक्के असेल, तर महिन्याला पाच हजार व्याज होतं. सहा महिन्यांचे तीस हजार मुद्दलात चढले. व्याजावर लागलेलं व्याज पुढे परत मिळालं, मूळ व्याज मात्र भरावंच लागलं. ज्याच्याकडे खरंच पैसे नव्हते, त्याने मुभा घेतली ते बरोबर केलं. पण पगार चालू असताना ‘सगळे घेताहेत’ म्हणून घेतली, त्यांनी तीस हजार उगाच घालवले. पुन्हा अशी सवलत आली तर बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारा : शेवटी मला किती जास्त भरावे लागतील? आकडा लिहून मागा.

मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांपासून मात्र चार हात लांब राहा. यातलं बेकायदा ॲप तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागतं. एक हप्ता चुकला की मुलीच्या सासरी फोन जातो. त्यापेक्षा सोनं बँकेत गहाण ठेवा. लाज वाटून घेऊ नका, सोनं त्यासाठीच असतं.

आता छोटा धंदा करणाऱ्यांसाठी. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या काउंटरवर हीच माणसं जास्त यायची.

धंदा बंद पडतो तेव्हा माल आधी अडत नाही, पैसा आधी अडतो. इचलकरंजीचा मजुरीवर माग चालवणारा घ्या. सूत व्यापाऱ्याचं. ताण्याचं सूत गुंडाळलेला बीम सायझिंगवाल्याकडून येणार. कापड विणून व्यापाऱ्याकडे जाणार आणि मजुरी नंतर मिळणार. टाळेबंदी लागली तेव्हा विणून दिलेल्या कापडाची मजुरीसुद्धा वर अडकली. व्यापारी म्हणतो, मला पुढून आले नाहीत. पुढचा म्हणतो, दुकानंच बंद आहेत. सगळ्यांचं खरं. पण व्यापाऱ्याला दोन महिने थांबता येतं, कामगाराला दोन आठवडेही नाही. माग बंद असला तरी विजेच्या बिलातला स्थिर आकार माफ झाला नव्हता.

तेव्हा पहिलं, उधारीला मुदत लावा. वस्तू बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या छोट्या उद्योगाने ‘उद्यम’ नोंदणी केली असेल, तर मोठ्या गिऱ्हाइकाला पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेच लागतात. लेखी करार नसेल तर पंधराच दिवस. उशीर झाला तर व्याज लागतं. नोंदणी फुकट आहे आणि आधारवर होते. मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायला कुणाला आवडत नाही, मला कळतं. भांडू नका. बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि ‘४५ दिवसांत देय’ एवढं छापा. त्याचा हिशेबनीस ती ओळ नक्की वाचेल. आता तर आयकराच्या नियमानेही त्याला घाई करावी लागते. मुदत उलटली, तर तो खर्च त्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो.

दुसरं, एकाच दारावर उभे राहू नका. मार्च म्हणजे नाशिक-सांगलीकडे द्राक्षांचा हंगाम. व्यापारी यायचे थांबले आणि बाग तर पिकलेली. ज्यांना शेड मिळालं, त्यांनी बेदाणा केला. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे फायद्याची गोष्ट नव्हेच. पण बेदाणा टिकतो, वेलीवरची द्राक्षं टिकत नाहीत. कोकणातल्या हापूसवाल्यांनी पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पोचवल्या. ते थेट गिऱ्हाईक कित्येकांनी पुढेही सोडलं नाही. मार्केट चालू असतानाच दहा पेट्या थेट विकून बघा. रस्ता माहीत असलेला बरा.

पेणच्या गणपती कारखान्यांचं उलटं झालं. मूर्तींचं काम तिथे वर्षभर चालतं. जुलै २०२० मध्ये नियम आला, मंडळाची मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरची दोन फुटांपर्यंत. गणपती ऑगस्टात. मोठ्या मूर्तींवर लागलेला पैसा तसाच कारखान्यात उभा राहिला. यात त्यांची चूक काहीच नव्हती. पण आपल्याकडून एक होऊ शकतं. मूर्ती आधी ठरवा आणि ठरवताना निम्मे पैसे द्या. शिंप्याला, सुताराला, केटररलाही हेच लागू. आपला ॲडव्हान्स म्हणजे त्यांचं भांडवल.

तिसरं, तुमच्या धंद्याला लागणारी अशी एक वस्तू शोधा, जी नसली तर सगळं थांबेल. एप्रिल २०२१ मध्ये गॅस कटिंगची छोटी वर्कशॉपं बंद पडली. सिलिंडरमधला ऑक्सिजन दवाखान्यांना गेला आणि जायलाच हवा होता. पण त्या दिवशी कितीतरी मालकांना पहिल्यांदा कळलं की आपलं दुकान एका सिलिंडरवर उभं आहे. त्याच वर्षी बोटावर मावणाऱ्या चिपांवाचून गाड्यांचे कारखाने अडले आणि त्यांना सुटे भाग देणारे छोटे कारखानदारही थांबले. तुमची ती वस्तू कोणती? कागद, गॅस, यीस्ट, बॉबिन, काय असेल ते. ती देणारा दुसरा कुणी आहे का, हे आजच विचारून ठेवा. माल आत्ता घेऊ नका हवा तर, नंबर घ्या.

घरातल्या साठ्याबद्दल थोडक्यात. महिन्याचं धान्य, डाळ, तेल आणि नेहमीची औषधं घरात असू द्या. त्याहून जास्त नको. तुम्ही पाच पिशव्या पीठ उचललंत की मागच्या गल्लीत एकही मिळत नाही.

आणि मोबाइलवर आलेलं पुढे ढकलायच्या आधी थोडं थांबा. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, अशी अफवा उठली. लोकांनी चिकन बंद केलं. पोल्ट्रीवाल्याने पक्षी मातीमोल विकले. पक्षी कमी झाले तसं खाद्य कमी लागलं आणि मक्याचा भाव पडला. म्हणजे आपण बोटाने एक मेसेज ढकलला आणि मक्याच्या शेतकऱ्याचं नुकसान झालं, ज्याचा कोंबडीशी थेट संबंधही नव्हता.

फूलवाली नोव्हेंबरात परत दिसली. फुलं नव्हती, हातगाडीवर कांदे-बटाटे होते. म्हणाली, फुलं लोक घेईनात, कांदा घ्यावाच लागतो. मी तिथेच उभ्या उभ्या नाव विचारलं. ती हसली. अकरा वर्षांनी विचारताय म्हणाली.

स्वनिधीचा तिचा अर्ज भरायला मी बसले, तेव्हा अडलं ते भलत्याच ठिकाणी. आधारला जोडलेला नंबर तिच्या भाच्याचा होता. भाचा सुरतेला, नंबर कधीच बंद. ओटीपी येणार कुठे? कर्जाचा अर्ज त्या सहा आकड्यांपाशी थांबला. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलण्यात आमच्या दोन सकाळी गेल्या.

तेव्हा बाकी कामांच्या आधी हे एक करा. घरातल्या प्रत्येकाच्या आणि घरी कामाला येणाऱ्या प्रत्येकाच्या आधारला कुठला नंबर जोडलाय, ते विचारा. तो फोन आज वाजतो का, लावून बघा.